कामाची बिडी

निपाणीत नवा माणूस उतरला की आधी शिंकतो आणि मग नमस्कार करतो. गावच्या माणसांना त्याचं काही वाटत नाही. वखारींतून उडणाऱ्या तंबाखूच्या धुळीत जन्म गेला की नाकही गुमान बसतं. अशा या गावात भरमू अप्पासाहेबांच्या वखारीत पारखी होता. वखारीत हमाल पंचवीस, चाळणीवर बसणाऱ्या बायका साठ, दिवाणजी दोन, आणि पारखी एकटा. तो आल्याशिवाय सौदा व्हायचा नाही. मोठमोठे व्यापारी तोवर नुसते चहा पीत बसायचे.

काम दिसायला अगदी सोपं. पोत्यातून मूठभर तंबाखू काढायची, ती वानगी. टेंभुर्णीच्या पानात वळून तिची बिडी करायची, पेटवायची आणि तीन झुरके घ्यायचे. पहिल्या झुरक्याला माल कसा जळतो ते कळतं, दुसऱ्याला घसा काय ते सांगतो, तिसरा नाकातून सोडायचा म्हणजे वास लागतो. मग राख बघायची. पांढरी असली आणि धरून राहिली तर माल चांगला, काळी पडली तर खाऱ्या पाण्यावरचा. बिडी विझवायची, पुढची वानगी घ्यायची. सांगायला एवढंच. शिकायला वर्षं जातात, आणि जाऊनही पुष्कळांना येत नाही ते नाहीच. भरमूला यायचं. वेदगंगेच्या काठचा भारी माल कुठला, माळावरचा हलका कुठला, काढणीनंतर पावसात भिजलेला कुठला, हे तो डोळे मिटून सांगायचा. तीस वर्षांत त्याचा शब्द कुणी फिरवला नव्हता. ज्याचा माल तो हलका ठरवायचा, तो शेतकरीसुद्धा हुज्जत न घालता पोती उचलून न्यायचा.

त्याच्याआधी त्याचा बाप त्याच गादीवर पारखी होता आणि बापाच्या आधी चुलता. जीभ त्या घरात आहे असं सगळं गाव म्हणायचं. दोघंही पन्नाशीच्या आसपास गेले. चुलता जेवता जेवता, बाप वखारीच्या पायरीवर बसल्या बसल्या. छातीत कळ आली आणि संपलं. घरात त्याला घराण्याचा वायू म्हणत. अंथरुणाला खिळून कुणाला त्रास दिला नाही, म्हणून भाग्यवान मरण असंही म्हणत. माणसं कशाचं कौतुक करतील याचा नेम नाही.

आता एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. त्या घरात वखारीतली बिडी ही बिडी ओढण्यात धरत नसत. ते काम. भरमूच्या आईनं हे केव्हाच ठरवून टाकलं होतं. घरात यल्लम्माचा मंगळवार कडक, दिवस मावळेपर्यंत पोटात पाण्याचा थेंब नाही. पण त्याच मंगळवारी भरमू वखारीत चाळीस बिड्यांचे झुरके घेऊन यायचा आणि उपवास शाबूत. आचारी मीठ बघतो म्हणून त्याला कुणी जेवला म्हणत नाही, तसंच हे. हौसेला भरमू सिगारेट ओढायचा, दिवसाला मोजून चार. बिडीला तो हौसेनं कधी शिवला नाही. सुतार काय घरी येऊन रंधा मारत बसतो?

सन अठ्ठ्याहत्तरच्या शिमग्यानंतर, हंगाम ऐन भरात असताना, भरमूच्या छातीवर कुणी पोतं टाकावं तसं झालं. घाम फुटला, डावा हात खांद्यापासून जड पडला. अप्पासाहेबांनी स्वतःच्या गाडीत घालून त्याला बेळगावच्या दवाखान्यात नेलं. अकरा दिवस तो तिथं पडून होता. डॉक्टर धारवाडकडचा, तरुण पोरगा, मराठी बोलायचा पण प्रत्येक वाक्याला कानडीतला ‘री’ लावायचा.

"किती सिगारेटी ओढता री?"

"चार," भरमू म्हणाला. खोटं बोलायचा त्याचा स्वभावच नव्हता.

"चारही नाहीत. एकसुद्धा नाही. हे दुखणं त्या धुरानंच होतं, ध्यानात ठेवा."

आणि भरमूनं सिगारेट सोडली. म्हणजे खरोखरच सोडली. पहिला पंधरवडा तो बायकोवर ओरडला, म्हशीवर ओरडला, एकदा तर दाराच्या उंबऱ्यावर ओरडला. जयाबाईनं सगळं ऐकून घेतलं. ती त्याच्या सदऱ्याचे खिसे चाचपायची, गादीखाली हात घालायची, पानवाल्याला तिनं स्वतः जाऊन दम भरला. चहानंतर त्याचे हात कावरेबावरे व्हायचे तेव्हा त्याच्या पुढ्यात शेंगा टाकायची, म्हणायची, "सोला." दीड महिन्यानं भरमू पुन्हा वखारीत जाऊ लागला तेव्हा तिला आपण यमाच्या हातून नवरा सोडवून आणल्यासारखं वाटत होतं. रोज सकाळी डबा भरून ती त्याला दारापर्यंत पोचवायची.

जुलै संपता संपता पुन्हा कळ आली. या वेळी गाडी नव्हती. दोघं नवरा-बायको बसनं बेळगावला गेले.

डॉक्टरनं कार्डिओग्रामची पट्टी दोनदा वाचली. मग विचारलं, "सिगारेट?"

"सोडली," भरमू ताठ बसून म्हणाला.

जयाबाई पुढं सरकली. "यल्लम्माची आण, डाक्टर. एक बी न्हाय. मी स्वता राखण केलीया."

डॉक्टरला ते खरं वाटलं असावं, कारण तो आणखीच गोंधळला. नाडी बघायला त्यानं भरमूचा हात धरला आणि धरलेला हात तसाच खिडकीच्या उजेडात नेला.

"मग ही बोटं पिवळी कशी?"

"ती व्हय?" भरमू हसला. "ती कामाची."

"कामाची म्हणजे?"

भरमूनं सांगितलं. वानगी, तीन झुरके, राख. अडाण्याला समजवावं तसं सावकाश आणि थोडं अभिमानानं सांगितलं. दिवसाला किती, असं डॉक्टरनं विचारलं. हंगामात चाळीस-पन्नास, एरवी वीस-पंचवीस, असं भरमू म्हणाला. डॉक्टरनं पेन खाली ठेवलं.

"मी तुम्हाला काय सांगितलं होतं री?"

"सिगारेट बंद."

"मग?"

"केली की बंद. ही कामाची हाय, डाक्टर."

डॉक्टर रागावला नाही. रागवायलाही अंगात थोडं त्राण लागतं, आणि बाहेर बाकावर अजून तीस माणसं बसली होती. तो म्हणाला, "तुमच्या छातीला कुठं कळतंय री, कुठला धूर कामाचा आणि कुठला हौसेचा?" मग त्यानं कागदावर हृदय काढलं, त्याला रक्त पुरवणाऱ्या नळ्या काढल्या. धूर सिगारेटचा असो की बिडीचा, त्यानं या नळ्या आकसतात, आतून खराब होत जातात, रक्त गोठायला लागतं. एक नळी बुजून गेली आहे, दुसरी त्याच वाटेवर आहे.

"घरात आणखी कुणाला असं झालं होतं?"

"माझ्या बाला. चुलत्याला."

"ते काय करायचे?"

भरमूनं तोंड उघडलं आणि त्याची नजर डॉक्टरनं काढलेल्या नळ्यांवर गेली. घराण्याचा वायू कुठून येत होता ते त्याला त्या कागदावर दिसलं. बाप पायरीवर बसला होता, त्याच्या बोटांत वानगीची विझलेली बिडी होती. ती काढून घेऊन भरमूनंच तो सौदा पुरा केला होता, आणि लोक म्हणाले होते, पोरगं बापाचं नाव राखणार.

परतीच्या बसमध्ये काकती गाव मागं पडेपर्यंत जयाबाई डॉक्टरचा कागद मांडीवर धरून बसली होती. मग खिडकीकडं तोंड करून म्हणाली, "इकडं मी तुमच्या खिशातनं सिगारेटी काडत हुते, आनि तिकडं डबा भरून तुमास्नी वखारीत धाडत हुते. माज्याच हातानं." तिला रडू आवरेना. तिची काय चूक? तीस वर्षं दोघांनी मिळून एकच चूक केली होती आणि दोघांनी ती प्रामाणिकपणे केली होती.

दुसऱ्या दिवशी तो काम सोडत असल्याचं अप्पासाहेबांना सांगायला गेला. अप्पासाहेब भला माणूस. त्यांनी ऐकलं आणि लगेच म्हणाले, "तू आता घरात बस रं. तुजी जागा काय कुटं जात न्हाय. परशरामला धाड. जीभ तुमच्या घरातच हाय की."

परशराम हा भरमूचा एकुलता एक मुलगा. बावीस वर्षांचा, मॅट्रिक झालेला, दोन वर्षं अर्ज करून करून थकलेला. चिकोडीच्या कचेरीत कानडी नीट येत नाही म्हणून नाही, कोल्हापुरात कर्नाटकातला म्हणून नाही. असा मुलगा घरात बसून दिवसेंदिवस गप्प होत चालला होता, आणि त्याला अचानक गादीवरची जागा चालून आली. आजाची जागा. त्यानं त्या रात्री आईच्या पाया पडून दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

"तू जाऊ नगंस," भरमू म्हणाला.

"का?"

"त्या धुरानं माझं काय झालं बगतोस न्हवं?"

"सगळं गावच ओडतंय आप्पा. सगळी कुटं मरत्यात?"

"आज्जा गेला. थोरला आज्जा गेला."

"त्यो घराण्याचा वायू," परशराम म्हणाला. हे त्याला भरमूनंच सांगितलं होतं. डॉक्टरचा कागद त्यानं पोराला दाखवला. पोरानं तो आदरानं बघितला आणि घडी घालून परत दिला. बाविसाव्या वर्षी नळ्या वगैरे दुसऱ्याला असतात. जयाबाईनं शपथा घातल्या. त्यावर तो एवढंच म्हणाला, "मग मी काय करू आई? सांग, काय करू?"

आणि मग जे झालं ते भरमूनं स्वतःच्या हातानं केलं. दिवाळीनंतर तो परशरामशेजारी बसून त्याला शिकवू लागला. अप्पासाहेबांच्या शब्दाला नाही म्हणणं जमलं नाही, हे एक. दुसरं असं की त्याला वाटलं, पोराला यायचं नाही. सगळ्यांना कुठं येतं? चार महिन्यांत ठसकून ठसकून कंटाळेल आणि आपणच उठेल. स्वतः झुरका न घेता तो नुसती राख बघायचा आणि पोराला विचारायचा.

पहिले पंधरा दिवस परशराम डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकला. महिन्यानं खोकला थांबला. दोन महिन्यांनी तो काठचा आणि माळाचा माल वेगळा सांगू लागला. भरमू घरी येऊन बायकोला सांगायचा, "आज एकबी चुकला न्हाय." सांगताना त्याचा चेहरा फुलायचा आणि बोलून झाल्यावर पडायचा. या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पोराला जीभ होती, आणि ती भरमूपेक्षा तिखट होती. कुठल्या बापाला याचा आनंद होणार नाही?

मार्चमधल्या एका मंगळवारी परशराम उपवासाचा, तोंड कोरडं, आणि पाठोपाठ बिड्या पेटवत होता. भरमूनं त्याची बोटं पाहिली. आंगठ्याशेजारचं बोट पिवळं पडायला लागलं होतं. त्या दिवशी घरी जाताना भरमू दोनदा वाटेत बसला. छातीत काही नव्हतं. नुसता थकवा. पोराला ओढून आणण्याइतकं बळ नाही, आणि तिथं ठेवून बघत बसण्याइतकंही नाही, असा थकवा.

पाडव्याला वखारीत नव्या वर्षाचा पहिला सौदा होतो. नव्या पारख्याला गादीवर बसवायचं तेही त्याच दिवशी. रीत जुनी आहे. व्यापारी गोल बसतात. नवा माणूस एका वानगीचे तीन झुरके घेतो आणि काय ते सांगतो. मग जुना पारखी, तो हयात नसला तर दुसऱ्या वखारीतला, तीच बिडी हातात घेऊन एक झुरका घेतो आणि एकच शब्द बोलतो, खरं किंवा खोटं. खरं म्हटलं की अप्पासाहेब नव्याच्या खांद्यावर टॉवेल टाकतात आणि नारळ देतात. खोटं म्हटलेलं कुणाच्या आठवणीत नव्हतं.

त्या दिवशीचा माल संकेश्वरकडच्या एका व्यापाऱ्याचा होता. माणूस गोरागोमटा, बोलका, सारखा सुपारी कातरणारा. परशराम स्वच्छ सदरा घालून बसला. त्यानं बिडी वळली, पेटवली. पहिला झुरका घेतला आणि त्याच्या कपाळाला बारीक आठी पडली. दुसरा. तिसरा नाकातून सोडला. राख पाहिली. मग अदबीनं पण न चाचरता म्हणाला, "वरवर काठचा वाटतोय. पर निम्मा माळाचा मिसळलाय. चांगला चाळून, कळू न्हाय असा."

व्यापाऱ्याचा अडकित्ता थांबला. अप्पासाहेबांनी भरमूकडं बघितलं. भरमूनं बिडी घेतली.

आठ महिने झाले होते. झुरका आत गेला आणि सगळं अंग ओळखीनं सैल झालं, तोंडात तीस वर्षं परत आली. माल मिसळलेला होता. निम्म्याला थोडा जास्तच. इतका बेमालूम की पोरानं आधी सांगितलं नसतं तर भरमूला तो दुसऱ्या झुरक्याला लागला असता. पोराला पहिल्याला लागला होता. अशी जीभ त्याच्या बापालाही नव्हती.

त्याच्या डोळ्यांपुढं काय काय आलं ते सांगत बसण्यात अर्थ नाही. एवढंच खरं की त्याला अप्पासाहेबांची गाडी आठवली, त्यांनी दवाखान्यात दिलेली शाल आठवली, आणि आपल्या एका शब्दावर ते हा भेसळीचा माल काठचा म्हणून घेतील हेही ठाऊक होतं. परशराम त्याच्याकडं बघत होता. भीती नव्हती त्या नजरेत. बाप आता खरं म्हणणार, एवढंच होतं.

"खोटं," भरमू म्हणाला.

अप्पासाहेबांनी उचललेला टॉवेल खाली घेतला.

"सगळा काठचा हाय. निवळ." त्यानं बिडी विझवली आणि अप्पासाहेबांकडं वळला. "पोराला जमत न्हाय हे, सावकार. दुसरा माणूस बगा."

व्यापाऱ्यानं सुटकेचा श्वास घेतला आणि सगळ्यांच्या आधी तोच म्हणाला, "भरमूआण्णा म्हनत्यात म्हंजे झालं." अप्पासाहेब बराच वेळ हातातल्या टॉवेलाची घडी नीट करत राहिले. मग म्हणाले, "मला लई आशा हुती रं." ते कुणाला म्हणाले ते कळलं नाही. दिवाणजीनं आतून दुसरा नमुना आणायला माणूस पाठवला. नवा पारखी आता बाहेरून आणतील, तोही कुणाचा तरी मुलगा असेल, हे भरमूला समजत होतं. पण त्या मुलाची काळजी करायला त्याच्यात काही उरलं नव्हतं. याची त्याला लाज वाटली आणि तो उठला.

बाप-लेक वखारीच्या दारातून बाहेर पडले. दारोदार गुढ्या होत्या, ऊन चढलं होतं. नळापाशी परशराम थांबला, त्यानं चूळ भरली, पुन्हा भरली. भरमू बाजूला उभा होता. आता पोरगं उसळेल, म्हणेल आप्पा तुम्हाला जागा सोडवत नाही, म्हणेल तुम्ही जळता माझ्यावर, चार माणसांत माझी अब्रू घेतलीत. त्यासाठी तो तयार होता. ते सगळं ऐकून घ्यायला त्याला बरं वाटलं असतं.

परशरामनं ओला हात सदऱ्याला पुसला. "आप्पा," तो म्हणाला, "माझं कुटं चुकलं? एवडं सांगा. मी आनखी शिकतो की."

भरमूनं नळ बंद केला. "शिकून येत न्हाय रं ते. तुझ्यात जीभच न्हाय."

"पर मला वाटलं लागला म्हनून. माळाचा."

"भास झाला तुला."

परशरामनं मान हलवली, अगदी सरळ, मास्तरनं गणित चूक दिल्यावर शहाणं पोरगं हलवतं तशी. "व्हय आप्पा," तो म्हणाला. "तुमी झुरका घेतलासा माझ्यापायी. डाक्टर नगं म्हनला हुता. दुकत न्हाय न्हवं छातीत?"

"न्हाय," भरमू म्हणाला.

परशरामनं बापाचा हात आपल्या खांद्यावर घेतला, आणि उन्हातून सावकाश, बापाला दम लागू नये अशा बेतानं, तो त्याला घरी घेऊन गेला.